बादलीला किती सेकंद

लेकरांनो, आपल्या कळमनुरीच्या घरी पाण्याची मोटर दुरुस्त करायला जे मिस्त्री येतात, ते चष्मा कपाळावर ठेवतात आणि दर वाक्याला "बराबर?" विचारतात. मोटर जोडून झाली की नळाखाली बादली लावतात आणि घड्याळ बघत मोठ्याने सेकंद मोजतात.

मागच्या सुट्टीत माझी नात सानू इथे आली होती, तेव्हा तिने विचारलं, "काका, मोजता कशाला?"

"नुसती बालटी काय सांगते? नुसतं घड्याळ बी मुकंच. दोन्ही मिळून सांगतेत, मोटरीत दम किती हाय. बराबर?"

सानूचे डोळे चमकले. मीटर भागिले सेकंद म्हणजे वेग, हे मी तिला तीन दुपारी शिकवत होते तेव्हा ती जांभया देत होती. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं आहे. त्या दिवशी मिस्त्रींच्या चहात साखर घालायची राहिली. आठवलं, तरी मी राहू दिली.

परवा सानूचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा ते इथेच होते. तिने त्यांनाच विचारलं, "काका, त्वरणात सेकंद दोनदा काहून येतो?"

"हे आपल्याला न्हाई जमत, बेटा. बाईंला इचार, त्या शिकलेल्या हायेत," म्हणत ते स्वतःही ऐकायला पायरीवर बसले.

मी सांगितलं, वेगात एक सेकंद आधीच आहे. तो वेग दर सेकंदाला किती वाढला ते त्वरण, म्हणून सेकंदाने पुन्हा भागायचं. इतकं नेमकं मी वर्गातही कधी सांगितलं नसेल.

सानूने ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाली, "काका, आजी सांगते ते खरं आहे ना?"