जाड तारांची गिटार

गाणं रंगात आलं की आमचा मास्तर डावा हात गिटारच्या पार टोकाशी न्यायचा आणि खुंट्यांच्या अलीकडे एका तारेवर बोट दाबायचा. क्षणभरच. पुढच्या ओळीला हात पुन्हा जागेवर. आमच्या अमरावतीकडच्या एखाद्या लग्नात तुम्ही बसला असाल, तर त्या अदेला तुम्हीही टाळी दिली असेल. मीही ती अदाच समजत होतो.

"हे काय करून राहिले मास्तर?" मी एकदा विचारलं.

"गिटार नाराज होते न. तिले मनवा लागते, भाऊ."

माझी आई बाजारात भाजी विकायची. वांग्यांच्या ढिगामागे बसून मी भाव करायला शिकलो आणि त्याच जोरावर ऑर्केस्ट्रा उभा केला. स्पीकर असो की गायिका, सांगितलेल्या भावात मी काही घेतलं नाही. मला कोणी गुंडाळलं नाही. एक तो सोडून.

गिटार माझी होती, वाजवायचा तो. आणि त्या गिटारीला रोगच होता. तार जरा ओढून वाजवली की सूर जागेवर परत यायचा नाही. मी दुकानदाराशी कडाडून भांडलो, खुंट्या बदलून घेतल्या. मग आणखी भारीतल्या बसवल्या. फरक शून्य. मास्तर बाजूला उभा राहून मान हलवायचा. "खुंटीचा दोष नाई. तिचा सभावच तसा हाय."

तारा आणायची वेळ आली की मात्र तो आठवणीनं सांगायचा, "जाड आना भाऊ. बारीक तुटते. जाड लय टिकते." टिकते म्हटल्यावर मी दुसरं काय ऐकणार? जाडच आणायचो आणि स्वतःवर खूश व्हायचो.

त्याचे केस पिकले. लोकांना स्टेजवर तरणी माणसं हवी होती, आणि ती स्वस्तातही मिळत होती. मोर्शीला एका संत्रा व्यापाऱ्याकडचं लग्न होतं. त्या दिवशी मी गिटार एका नव्या वादकाला दिली आणि मास्तरच्या हातात खंजिरी. तो मागच्या रांगेत उभा राहून खंजिरी वाजवत राहिला.

तिसऱ्या गाण्यात गिटार एकीकडे, गायिका दुसरीकडे. नवरदेवाचा बाप थेट स्टेजवर चढला. "गाणं हाय का भांडन हाय हे?"

मी मास्तरकडे पाहिलं. त्यानं खंजिरी खुर्चीवर ठेवली, गिटार गळ्यात घातली, एकेका तारेवर बोट दाबलं आणि मैफल सावरली. उतरताना म्हणाला, "सांगतलं होतं न भाऊ. तिले समजून घ्या लागते."

त्यानंतर त्यानं जो भाव सांगितला तो मी दिला. आयुष्यात ज्याच्याशी घासाघीस केली नाही असा तो एकच माणूस.

मग त्याच्या डाव्या हाताची बोटं आखडली आणि तो यायचा थांबला. मी गिटार घेऊन अकोल्याला, जुन्या शहरातल्या एका कारागिराकडे गेलो. तारा जिथून खुंट्यांकडे जातात तिथे एक पांढरी पट्टी असते, तिला खाचा असतात. त्यानं तिथे नख लावलं आणि हसला. "खाचा बारीक अन् तारा जाड. अडकून बसते न तार! खुंटीपाशी बोट दाबलं का सुटते. इतक्या जाड लावाले सांगतलं कोनं?"

त्यानं कानशीनं खाचा मोठ्या केल्या, वर पेन्सिलचं शिसं घासलं. माझा चहा निवायच्या आत काम झालं. तार ओढली, सोडली. सूर जागेवर.

माझं डोकं फिरलं. तसाच बार्शीटाकळीला मास्तरच्या घरी गेलो. तो बाजेवर बसला होता.

"मास्तर, तुमाले ठावूक होतं!"

"होतं."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं, तं ठेवलं असतं काय मले?"

नसतं ठेवलं. धंदा आहे. पण म्हणून माझ्याच पैशानं माझ्याच गिटारीत रोग पाळायचा? मी इतका ओरडलो की शेजारची माणसं दारात आली. मग त्यानं उजवा हात पुढे केला. मी गिटार दिली.

त्यानं एकेक तार छेडली. सगळ्या सुरात. तरी त्याचा डावा हात आपोआप टोकाशी गेला आणि वाकडं बोट ती जागा शोधू लागलं. मग थांबलं.

"आता नाई होत नाराज," तो म्हणाला आणि गिटार माझ्याकडे सरकवली. "इकून टाका भाऊ. भाव चांगला येईन."

दिवाळीच्या आधी तो गेला. माझा राग तसाच आहे. भांडायला समोरचा माणूस तेवढा उरला नाही.

गिटार मी विकली नाही. आता नवा वादक वाजवतो. रात्रभर सूर हलत नाही, हात टोकाशी जात नाही. लोक जेवत असतात.