दहा खाटा, निरंक

नंदकुमार चिंदरकर मला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो रिकाम्या खुर्च्यांसमोर नावाच्या पाट्या मांडत होता. अंधेरीतल्या एका सरकारी इमारतीचा तिसरा मजला, लांबट टेबल, चौदा खुर्च्या. पोलीस, आरोग्य, शिक्षण, औषध प्रशासन, समाजकल्याण, टपाल अशी एकेक पाटी तो टेबलाच्या कडेपासून चार बोटं आत ठेवी, मागे सरकून एक डोळा मिटून रांग बघे आणि पुन्हा पुढे येऊन एखादी पाटी केसभर हलवी. बैठक सुरू झाली तेव्हा सहा खुर्च्या भरल्या होत्या. इतिवृत्तात मात्र चौदाही विभाग 'उपस्थित' होते. मी विचारलं तर म्हणाला, "बाई, पाटी होती ना."

मुलुंडच्या शाळेत तेहतीस वर्षं शिकवून मी निवृत्त झाले आणि वर्षभरात या समितीची अशासकीय सदस्य झाले. शाळांच्या बाजूनं बोलायला त्यांना कोणीतरी हवं होतं. अमली पदार्थांविरुद्धचं धोरण दिल्लीत ठरतं. पण माल पकडायचा पोलिसांनी, औषधांची दुकानं तपासायची औषध प्रशासनानं, माणसं बरी करायची आरोग्य खात्यानं आणि मुलांना सांगायचं शाळांनी. या सगळ्यांनी एकमेकांशी बोलावं म्हणून वर एक कार्यालय, त्याच्याखाली राज्याचं आणि त्याच्याखाली आमच्यासारख्या जिल्हा समित्या. महिन्यातून एकदा बैठक घ्यायची आणि पुढच्या महिन्याच्या पाच तारखेच्या आत तक्ता वर पाठवायचा. हे सगळं जुळवून आणणारा माणूस म्हणजे नंदकुमार. हुद्दा, समन्वय सहायक. चौदा खात्यांना बोलतं करायचं काम ज्याच्याकडे, तो शेजारच्या टेबलावरच्या शुभाशीसुद्धा चिठ्ठीनं बोलत असे.

"अहो चिंदरकर, पंखा कमी करा एवढं तरी तोंडानं सांगा ना," शुभा सगळ्यांदेखत म्हणे. तो नुसता हसे आणि तिची चिठ्ठी तारीख टाकून फायलीत लावी.

वय अठ्ठेचाळीस, राहायला कांदिवलीला, मूळ मालवणकडचा. शर्टाला कडक इस्त्री, खिशात तीन रंगांची पेनं. माझ्या गुडघ्यांची न चुकता चौकशी करी. लिफ्ट बंद असली तर खाली येऊन माझी पिशवी घेई. अंथरुणाला खिळलेल्या आईला रोज सकाळी स्वतःच्या हातानं पेज भरवून तो घराबाहेर पडे आणि कचेरीत कधी एक मिनिट उशिरा येत नसे. हे सगळं खरं आहे. इतक्या नीटनेटक्या माणसाचा मला इतका तिटकारा यावा, हेही खरं आहे.

त्याचा लाडका शब्द 'निरंक'. तक्त्यातल्या रकान्यात भरण्यासारखं काही नसलं की सरकारी भाषेत तसं लिहितात. नंदकुमारनं त्याची हद्द बरीच वाढवली होती. माहिती आली नाही, निरंक. उशिरा आली, निरंक. वेळेवर आली पण कोणत्या खात्याची ते ठरत नाही, तरी निरंक. शून्य का लिहीत नाही, असं मी एकदा विचारलं. "शून्य लिहिलं की कोणीतरी मोजलं असं होतं," त्यानं मला समजावलं. "मग कोणी मोजलं ते सांगावं लागतं. निरंकला कोणाचं नाव लागत नाही."

मानखुर्दला एका संस्थेचा दहा खाटांचा व्यसनमुक्ती कक्ष होता. माधुरी जोंधळे तो चालवी. चाळिशीची बाई, भरभर बोलणारी, चप्पल कायम झिजलेली. बैठकीला ती विशेष निमंत्रित म्हणून दाराजवळच्या खुर्चीवर बसे आणि आपला कागद देई. या महिन्यात इतके दाखल झाले, इतके बरे होऊन घरी गेले, इतके पुन्हा पिऊन परत आले. तिसरा आकडा तिला कोणी विचारला नसता, तरी ती लिही. तिच्या खाटा कधी रिकाम्या नसत. लवू नावाचा एक रंगारी खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या पिऊन हातातून गेला होता. तो पाचव्या आठवड्यात चमचा न सांडता आमटी-भात जेवताना मी स्वतः पाहिला आहे.

अडचण एवढीच होती की कक्षाची मान्यता समाजकल्याणची आणि तिथला डॉक्टर आरोग्य खात्याचा. समाजकल्याण म्हणे, रुग्ण म्हणजे आरोग्य. आरोग्य म्हणे, संस्था म्हणजे समाजकल्याण. नंदकुमार दोघांना पत्र लिही, याचं उत्तर त्याला आणि त्याचं याला पाठवी, आणि निकाल लागेपर्यंत मानखुर्दच्या रकान्यात निरंक भरी. एप्रिलपासून त्याचा हाच परिपाठ चालला होता.

जानेवारीत वरून पत्र आलं. ज्या कक्षात या आर्थिक वर्षात रुग्णांची नोंद नाही, ते मार्चअखेर बंद करून खाटा दुसरीकडे द्याव्यात. यादीत मानखुर्दचं नाव होतं.

माधुरीचा फोन आला. "बाई, माझ्याकडे दहाच्या दहा खाटा भरल्यात, दोघं खाली सतरंजीवर झोपतायत, आणि यांच्या कागदावर वॉर्ड रिकामा! सांगा ना, मी कोणाकडे जाऊ?"

दुसऱ्याच दिवशी मी नंदकुमारच्या टेबलापाशी गेले. त्यानं आधी खुर्ची दिली, मग चहा सांगितला.

"माधुरीचे आकडे तुमच्याकडे येतात ना?"

"येतात की." त्यानं फाईल उघडली. सगळे कागद क्रमानं, कडेला रंगीत चिकटपट्ट्या. "एक गहाळ नाही."

"मग तक्त्यात का नाहीत?"

"कोणाखाली टाकू बाई? वाद प्रलंबित आहे."

"हा शेवटचा 'इतर' नावाचा रकाना आहे, त्यात टाका. निदान या महिन्याचे तरी."

त्यानं मान खाली घातली. "इतरमध्ये काही भरलं की दिल्लीहून फोन येतो."

"येऊ दे."

"आला की उत्तर द्यावं लागतं."

"द्या मग. खाटा भरलेल्या आहेत, म्हणून सांगा."

"ते विचारणार, आधीचे नऊ महिने का नाही कळवलं? बाई, आजवर आपल्याला एकदाही फोन आलेला नाही. सबंध राज्यात असे दोनच जिल्हे आहेत." हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता, तसा मी पहिला नंबर आलेल्या मुलांच्या बापांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे.

"अहो, फोन काय चावतो काय?" शुभा पलीकडून ओरडली.

"तुका काय समजाचा नाय गो!" तो एकदम चिडून म्हणाला. शुभाशी तो तोंडानं बोलल्याचं मी फक्त त्या दिवशी ऐकलं.

चहा आला. मी तो घेतला नाही. नंदकुमारला त्याचं मनापासून वाईट वाटलं.

फेब्रुवारीच्या बैठकीत मी अध्यक्षांसमोर विषय काढला. ते नवीन आले होते, तीनच महिने झाले होते, पण त्यांनी फोन बाजूला ठेवून ऐकलं. माधुरीनं दाखल रुग्णांची यादी वाचून दाखवली. "चिंदरकर, हे खरं आहे?" त्यांनी विचारलं.

नंदकुमार उठला. तो खोटं कधीच बोलत नसे. "कागद प्राप्त आहेत, सर. परंतु मानखुर्द निरंक असल्याची नऊ इतिवृत्तं सदस्यांनी कायम केलेली आहेत. कोणाची हरकत नोंदलेली नाही."

त्यानं फाईल फिरवली. दर बैठकीच्या आरंभी तो "मागील इतिवृत्त कायम?" असं विचारी, आम्ही बिस्किटं खात माना हलवत असू आणि मग सह्यांचा कागद फिरे. त्या कागदाच्या माथ्यावर बारीक अक्षरात छापलं होतं, 'मागील इतिवृत्त वाचले व मान्य'. खाली माझी सही. नऊ वेळा, वळणदार अक्षरात. न वाचता प्रगतिपुस्तकावर सही करू नका, असं मी दर सहामाहीला पालकांना बजावत आले होते. आणि दाराजवळ बसणाऱ्या माधुरीपर्यंत कागद सगळ्यात शेवटी जाई, म्हणून तळाशी तिची. आपला कक्ष रिकामा असल्याची कबुली तिनं स्वतः नऊ वेळा दिली होती.

"मी हजेरी समजून सही करत होते हो!" ती म्हणाली. आवाज फाटला होता.

पोलिसांकडून आलेल्या साहेबांनी बिस्किटाचा तुकडा बशीत परत ठेवला. नऊ महिने निरंक आणि एकदम दहा, असं दाखवलं तर चौकशी लागेल, असं अध्यक्ष म्हणाले. तेव्हा राज्याकडून मार्गदर्शन मागवावं. कोणाची हरकत? मी हात वर केला. 'एका सदस्यांनी भावना व्यक्त केल्या', अशी त्याची नोंद झाली. त्या दिवसापासून माझ्या तिटकाऱ्यात मीही आहे.

नंदकुमारनं मार्गदर्शनाचं पत्र त्याच दुपारी पाठवलं. तो कामात कधी चुकला नाही. एकतीस मार्चला कक्षाला कुलूप लागलं आणि खाटा टेम्पोत घालून नेल्या. लवूचे उपचाराचे दोन आठवडे राहिले होते, त्याला घरी पाठवलं. एप्रिल संपायच्या आत तो पुन्हा बाटलीवर गेला. माधुरीनं तोही आकडा कागदावर लिहून वेळेवर पाठवला. कक्षच अस्तित्वात नसल्यामुळे नंदकुमारनं तो नुसता फायलीत लावला.

राज्याचं उत्तर मेमध्ये आलं. नंदकुमारनं ते मला मुद्दाम फोन करून वाचून दाखवलं, आवाजात समाधान होतं. "अशा रुग्णांची नोंद 'इतर' या रकान्यात घेण्यात यावी. बघा बाई, आता स्पष्टता आली."

मी कोणता शब्द वापरला ते लिहीत नाही. वर्गात तो मी कधी वापरला नव्हता. मग तो म्हणाला, "बाई, गुडघे दुखतायत का आज?" तो टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटलं होतं.

मी राजीनामा दिला. माझी पाटी अजून मांडली जाते, असं शुभा सांगते. माधुरी मानखुर्दला एका बालवाडीच्या खोलीत संध्याकाळी दोन तास बसते. खाट नाही, चार खुर्च्या आहेत. वेळेवर तक्ते पाठवल्याबद्दल त्या वर्षी आमच्या समितीला प्रशस्तिपत्र मिळालं.

गेल्या जूनमध्ये नंदकुमारची बढती झाली. तो आता राज्याच्या कार्यालयात बसतो आणि सगळ्या जिल्ह्यांचे तक्ते एकत्र करतो.