बाबा पोचवायला कुठपर्यंत आले

मी रायपूर सोडलं त्या सकाळी बाबा माझी बॅग खांद्यावर टाकून तात्यापाऱ्यातून, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातून, थेट स्टेशनापर्यंत पायी आले होते. दादा रिक्षा आणायला निघाला होता, त्याला त्यांनी दारातच अडवलं. आमच्या घरची रीतच तशी, पाहुणा असो की लेक, पायी पोचवायचं. "पायानं पोचवलेलं माणूस पायानं परत येते," असं ते म्हणत. वाटेत पंक्चरवाल्याला, चहावाल्याला, ओळखीच्या प्रत्येकाला थांबून सांगत होते, पोट्टी जर्मनीले चालली म्हणून. माझं रडणं वाटेतच संपून गेलं.

जे मागं राहिले आणि जे माझ्यासारखे निघून गेले, त्या सगळ्यांसाठी हे लिहून राहिली आहे. रागानं लिहून राहिली आहे.

इथं मी म्हाताऱ्यांच्या वॉर्डात नर्स आहे. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या ऐंशीच्या आजोबांना दुसऱ्याच दिवशी उभं करायचं, दंड धरून कॉरिडॉरमध्ये चालवायचं, हे माझं काम. शिफ्टलाही पायीच जाते, नदीकाठानं वीस मिनिटं. डोकं हलकं होतं, रात्री झोप लागते. आमची हेडनर्सही पायीच येते आणि तिला कोणी बिचारी म्हणत नाही.

आणि रायपुरात? चार पावलं चाला, लगेच विचारतील, काहून, गाडी बिघडली का? यंदा गेले तर आमची गल्ली ओळखू येईना. दोन्ही बाजूंना गाड्या, मधून अंग चोरून जायचं. कोपऱ्यावरचा कडुनिंब तोडला, का तर गाड्या वळत नव्हत्या. गच्चीच्या कठड्यावरून बोट फिरवलं की काळं होतं. त्या काळ्यात आमच्याही कारचा धूर आहे, पण घरात ते कोणी बोलत नाही. दादाची मुलगी सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एक जुडी आणायला कोपऱ्यापर्यंत स्कूटीनं जाते.

बाबा खुर्चीत होते. तीस वर्षं तहसिलीत पायी गेलेला माणूस, संडासला जाताना भिंत धरत होता. समता कॉलनीतल्या डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, म्हणून दादा त्यांना कारमध्ये बसवून बागेत नेतो, दोन चकरा मारायला लावतो आणि कारमध्ये बसवून परत आणतो. तेही त्याला वेळ असेल तेव्हा. चालायला गाडीनं जायचं! माझं डोकंच फिरलं. त्याला वाट्टेल ते बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "गाडी घे, बाबांना उन्हात चालवू नको, हे फोनवर कोण बोललं होतं?"

मीच बोलले होते. वाटलं होतं, इतक्या लांबून एवढं तरी सुख द्यावं. दुसऱ्यांच्या बापांना हात धरून चालवत होते आणि आपल्या बापाला मीच खुर्चीत बसवलं. दादावरचा राग गिळता येतो, हा येत नाही.

निघायच्या दिवशी दादाच्या मुलीनं मोबाईल काढला. "बुआ, कैब बुला दूं?" मी हो म्हणणार, तोच बाबा भिंत धरून उठले आणि चपला शोधायला लागले. पडाल म्हणून दादा ओरडला. त्यांनी माझ्या बॅगेच्या दांड्याला हात घातला.

"पोट्टीले पोचवून येतो," ते म्हणाले.

वॉर्डात धरते तसा मी त्यांचा दंड धरला. कडेनं जागाच नव्हती, गल्लीच्या मधोमध चाललो. मागून एकजण हॉर्न वाजवत राहिला. मी वळून त्याला तात्यापाऱ्यातल्या अस्सल शिव्या घातल्या, तेव्हा बाबा कितीतरी दिवसांनी हसले. पाच मिनिटांच्या चौकाला पंचवीस मिनिटं लागली. तिथं त्यांचे पाय थरथरायला लागले. पानठेल्यावाल्यानं स्टूल दिलं.

"माझ्यानं एवढंच होते बेटा," ते म्हणाले. "पुढं तू जा."

बाबा जिथपर्यंत पोचवायला येतात, तिथपर्यंत माझं घर. आधी ते स्टेशनापर्यंत होतं, आता चौकापर्यंत उरलं आहे. दादाला सांगून ठेवलंय, कार न काढता रोज त्यांना चौकापर्यंत ने, मागून कितीही हॉर्न वाजू दे. पुढच्या खेपेला ते दारातूनच हात हलवताना दिसले, तर दादा, मी तुझं तोंड पाहणार नाही. आरशातलं माझंही.