पळसाच्या पुतळ्याचा नवरा

नोकरीत मी प्रेतं पुष्कळ पाहिली. पण स्वतःच्या मरणाची हकीकत सांगणारा माणूस एकच भेटला आणि तो अजूनही डोळ्यांपुढून हलत नाही.

साठच्या दशकाची अखेर होती. गांधीबागेजवळच्या ठाण्यात मी फौजदार होतो. दुपारी स्टेशन डायरी लिहायला बसलो तोच पंचविशीतली एक बाई भावाला घेऊन आली. सासर कापडवाल्यांचं. तिचा नवरा आफ्रिकेत एका पेढीवर नोकरीला होता. परत येताना त्याचं जहाज आग लागून भर समुद्रात बुडालं. प्रेत मिळालं नाही, म्हणून घरच्यांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. आणि आता, दीड-दोन वर्षांनी, तो दारात येऊन उभा राहिला होता.

"मग रडता कशाला? पेढे वाटा," मी म्हणालो.

"साहेब, परवा माहं त्याच्यासंगं लगन हाय," ती म्हणाली. "अन् तो माहा मालक नाही जी."

भटजींनी सांगितलं होतं, की ज्याची क्रिया झाली तो परतला तर त्याला नव्याने जन्म द्यावा लागतो. त्याप्रमाणे त्याला तूप लावून न्हाऊ घातलं, बारसं करून तेच नाव पुन्हा ठेवलं. उरलं होतं ते आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न.

चेहरा भाजलेला, पण आवाज तोच होता. घरातल्या सगळ्या खाणाखुणा त्याला माहीत होत्या. मात्र नवरा निघाला त्या सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि तो तिच्याशी न बोलता गेला होता. "त्याचं इचारलं, तं नुसता पाहत राहिला माह्याकडे. खोटा असंल तं माहा जनम गेला. अन् खरा असंल, अन् म्याच नाही म्हटलं, तं?"

तिच्या या शेवटच्या प्रश्नाने मी उठलो.

साध्या कपड्यांत त्यांच्या घरी गेलो. तोतया म्हणजे गोडबोल्या, लोचट माणूस असणार, असं धरून चाललो होतो. हा बाजेवर पाय वर घेऊन बसला होता. एका हाताने त्याने बाजेचा खूर घट्ट पकडला होता. म्हातारी आई म्हणाली, "आला तवापासून असाच हाय. झोपीतबी काहीतरी धरूनच राहते. लगनाची गोष्ट काढली अन् जेवणच सुटलं याचं."

इथे मी अडखळलो. घर, नाव, आई सगळं मिळाल्यावर खरा लबाड बोहल्यावर सगळ्यांच्या आधी चढला असता. हा मात्र लग्नालाच भीत होता.

चौकशीसाठी त्याला ठाण्यात आणलं. सून बाहेर बाकावर बसली. माझा स्वभाव तापट, पण त्या दिवशी आवाज चढवावासा वाटला नाही. चहा दिला आणि म्हटलं, जहाज बुडालं ते सांग.

"आग लागली तशा उड्या टाकल्या," तो सांगू लागला. "एका फळीले दोघं धरून होतो, मी अन् माहा खोलीवाला, आफ्रिकेत संगं एका खोलीत राहत होता तो. ऊन डोक्यावर. दूर एक मालाचं जहाज थांबलं, त्याच्यातून बोट सोडली. खोलीवाला म्हणे, आली गा बोट. तेवढ्यात माहा हात सुटला."

"कोणाचा?"

"माहा. मी खाली गेलो. वर तो दिसून राहिला होता, पाण्यात हात घातलेला. मंग अंधार झाला."

हवालदाराने लिहिणं थांबवलं. मी हळूच विचारलं, "मग बोटीत कोणाला घेतलं?"

त्याने खुर्चीच्या हातावरच्या आपल्या मुठीकडे पाहिलं. मग ती उघडली.

"मला घेतलं, साहेब." आवाज निराळा होता, बोली मुंबईकडची. "त्याचं मनगट माझ्या हातात होतं. मी सोडलं की सुटलं, मला कळत नाही. इथे सांगायलाच आलो होतो. माउलीने दार उघडलं आणि म्हणाली, आला गा बाबू? माझ्या तोंडून 'आलो' निघालं. ते बोललं कोण, तेही मला कळत नाही."

मी सुनेला आत बोलावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "भांडणाचं काही म्हणत होते काय?"

"कधीच नाही. खोलीवर रोज घरचं सगळं सांगायचे, पण म्हणायचे, बायको स्टेशनवर पोचवायला आली होती. गाडी हलली तरी खिडकी सोडीना."

"मी तं गेलीच नव्हती जी," ती म्हणाली आणि खाली बसून रडू लागली. नवरा आपल्यावर रागावलेलाच मेला, हे ओझं ती आजवर वाहत होती, हे मला तेव्हा समजलं.

घरच्यांनी फिर्याद दिली नाही. जबाब नोंदवून मी प्रकरण मिटवलं. म्हातारीने मात्र तो परका आहे हे शेवटपर्यंत मानलं नाही. मी शिकलो ते एवढंच, की माणूस घरच्यांविषयी बाहेर कोणतं खोटं सांगतो, त्यावरून त्याची माया ओळखावी. आणि प्रत्येक तोतया काही लुबाडायलाच येत नाही.

मुंबईच्या गाडीवर त्याला पोचवायला मी स्वतः गेलो. स्टेशनच्या फाटकाशी तो थबकला आणि म्हणाला, "साहेब, डब्यापर्यंत मनगट धराल?" आजवर कितीतरी मनगटं मी बेड्या घालून नेली होती. त्याचं मी हाताने धरलं. गाडीची शिट्टी झाली, तो डब्यात चढला, तरी माझी मूठ उघडेना.