धुराची चव

डॉक्टरांनी मामीला धुरापासून लांब राहायला सांगितलं आहे. घरात गॅस आहे, पण त्यावर फक्त पाहुण्यांचा चहा होतो. गॅसवरच्या भाकरीला मामांच्या मते चव नसते. काल चुलीत कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्या पेटेनात. फुंकणी फुंकताना मामीला खोकल्याची उबळ आली. मी ताटावरून उठू लागले, तर ती डोळे पुसत म्हणाली, "बस गं. माझा खोकला ऐकल्याशिवाय तुझ्या मामांना घास उतरत नाही." सगळे हसले, मामासुद्धा. मला मात्र संताप आला. हायवेवर 'चुलीवरचं जेवण' अशी पाटी दिसली की आम्ही शहरातली माणसंही कौतुकाने गाडी थांबवतो. चुलीपुढे कोण बसलंय, ते कुणी बघत नाही. तिच्या छातीत जे साठतं, त्यालाच आपण चव म्हणतो.

"अजून एक टाक, पातळ," मामा म्हणाले.

मामी पुन्हा धुरात वाकली.