जमायमाच्या घरातली एकोणीस माणसं

"घरात माणसं किती?" ब्रिजिटने फॉर्मवर पेन टेकवत विचारलं.

"एकोणीस," जमायमा डायसार्ट म्हणाली.

ब्रिजिटने मान वळवून पाहिलं. एक खाट, एक खुर्ची, एकच कप.

"बाकीचे अठरा कुठे गेलेत, आजी?"

"आपापल्या घरी. जातील कुठे!"

विनिपेगच्या विद्यापीठातून आलेल्या त्या पोरीने 'एक' लिहिलं. तिच्या शास्त्रात घर म्हणजे एक छप्पर. कॅनडातल्या क्री आदिवासींची ही वस्ती नव्या धरणाच्या पाण्याखाली जाणार होती आणि टेकडीवरची नवी घरं तिच्याच आकड्यांवरून ठरणार होती. एकट्या म्हाताऱ्यांना तिथे तळ्यापासून लांब एकेक खोली मिळणार होती.

नवरा गेल्यापासून तेवीस वर्षं जमायमा एकटीच जाळं टाकत होती. खोलीतून ती कुणाला काय पोचवणार?

"उद्या पहाटे ये," ती म्हणाली. "आणि ते शहरी बूट नकोत."

दुसऱ्या दिवशी माशांचं घमेलं तिने ब्रिजिटच्याच हातात दिलं. सात घरं. प्रत्येक पायरीवर मासे ठेवायचे, दार न वाजवता पुढे जायचं. तिसऱ्या दारात ब्रिजिट मोठ्याने "गुड मॉर्निंग!" म्हणाली, तशी खिडकीतून नॉर्बर्ट खेकसला, "जमायमा, हा कावळा कधी पाळलास गं?"

परतल्या तेव्हा जमायमाच्या दाराशी फोडलेली लाकडं रचलेली होती. वर बरणीभर बेरी.

"कुणी ठेवलं?"

"विचारायचं नसतं. आभारही मानायचे नसतात. परक्यांचे मानतात."

ब्रिजिटने 'एक' खोडून 'एकोणीस' लिहिलं. संध्याकाळी तिच्या साहेबांचा फोन आला, "व्याख्येप्रमाणे भरा, मॅडम."

"व्याख्याच इथे चुकलीय, सर. इथलं घर छपरावरून नाही, वाटपावरून ठरतं."

तीन महिने ती भांडली. मग नवा नकाशा घेऊन धावतच आली: जमायमाचं आणि ती सात, आठही घरं नव्या काठाला एका ओळीत.

जमायमाने ओळीवरून बोट फिरवलं, ते निळ्या रंगावर थांबलं. नदीवरच्या आधीच्या धरणात पाणी चढल्यावर बुडालेल्या मातीतला पारा माशांत उतरला होता, ते खाण्याजोगे राहिले नव्हते.

"आणि इथले मासे गं?"

ब्रिजिटने कागद चाळले. माशांबद्दल त्यात कुठेच काही नव्हतं. तिने पेन खाली ठेवलं.

"ठेवतेस काय? उचल," जमायमा म्हणाली. "माहीत नाही, असं लिही."