चितळांकडे पाठ करून

रविवारी सकाळी कॉव्हेंट्रीहून निघालो तेव्हा गाडी माझी लेक मृणाल चालवत होती. मागे सात आठवड्यांची ओवी, तिच्या शेजारी मी आणि माझ्या मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. जावई हॉस्पिटलात ड्यूटीवर होते. बाळंतपणानंतर मृणालची ही पहिलीच मोठी फेरी, म्हणून जवळचं प्राणिसंग्रहालय ठरलं.

मृणालची आई दोन वर्षांपूर्वी गेली, त्यामुळे लेकीचं बाळंतपण करायला मी इंग्लंडला आलो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बसस्थानकावर तीस वर्षं भोंग्यावरून गाड्या पुकारलेला मी माणूस. अळिवाची खीर व्हिडिओ बघून शिकलो. बरी होते, असं मीच म्हणतो.

काळजी एकच होती. ओवी नीट पीत नव्हती. दोन घोट घ्यायची, तोंड सोडायची आणि रडायची. वजन हवं तसं वाढत नव्हतं. हेल्थ व्हिजिटर (बाळ-बाळंतिणीला घरी येऊन बघणारी नर्स) म्हणाली होती, आणखी एक आठवडा बघू, नाहीतर वरचं दूध सुरू करू. मृणालने ते फार मनाला लावून घेतलं. बाथरूमचा नळ सोडून ती रडायची आणि बाबांना ऐकू येत नाही, असं समजायची.

मी माझ्या परीने उपाय करत होतो. खीर, शतावरी आणि माणसं. घरात बाळ आलंय आणि दारात चपला नाहीत, हे मला बघवत नव्हतं. हिची आई असती तर घर भरलेलं असतं, असं सारखं वाटायचं. म्हणून मराठी मंडळात जो भेटेल त्याला मी बोलवत सुटलो. रोज कुणीतरी यायचं, झबलं द्यायचं आणि सोबत एक सल्लाही. आजही चारला लंडनकडच्या पिनरहून दोन गाड्या भरून मंडळी यायची होती.

तासाभरात पोचलो. तिकिटं काढली, ओवीला बाबागाडीत घातलं आणि पहिल्याच वळणावर चितळं दिसली. मला गावचं माणूस भेटल्यासारखं झालं. आमच्याकडे संध्याकाळी ती बसला आडवी जायची. इथे कुंपणापलीकडच्या गवतात, पण पाठीवर ठिपके तेच. मी टाळी वाजवली आणि भोंग्यावरच्या आवाजात म्हणालो, "ये गं, ये. चंद्रपूरवाले आलेत."

जवळच्या मादीने पुढचा पाय जमिनीवर आपटला. बाकीची पार मागच्या कुंपणापर्यंत पळाली.

"काका, थोडं हळू बोलाल, प्लीज?"

मराठी ऐकून मी चमकलोच. झाडाखाली विशीतली एक मुलगी गुडघ्यावर कागद घेऊन बसली होती. नाव केतकी, जन्म लंडनमधल्या ईलिंगचा. "माझी आजी पुण्याचा आहे, तिने शिकवलं," ती म्हणाली. युनिव्हर्सिटीच्या प्रोजेक्टसाठी ती दर मिनिटाला एक खूण करत होती. मादी चरतेय, रवंथ करतेय, की मान वर काढून उभी आहे. आणि त्या वेळी कुंपणापाशी माणसं किती.

"तिचा बाळ तिथे आहे." तिने पेन्सिलीने मागचे ओंडके दाखवले. उंच गवतात एक कान तेवढा दिसत होता. "तो लपून बसतो, आई येऊन दूध पाजते. पण लोक उभे असले की ती जातच नाही. तो शिंगवाला स्टॅग बघा, त्याला लोक आवडतात, बिस्किट मागतो. सगळे सेम नसतात. ही नवीन आई आहे."

तेवढ्यात मादी ओंडक्यांच्या दिशेने चार पावलं गेली. इकडे एक कुटुंब आलं. आजी-आजोबा, दोन मुली, सगळे कौतुकाने कुजबुजत होते. मादी थांबली. रवंथ करणारा तिचा जबडासुद्धा थांबला. मग ती वळली आणि गव्हाणीपाशी जाऊन उगाच काड्या चिवडत राहिली. असं आमच्यासमोर तीनदा झालं. कुणी तिला त्रास दिला नव्हता. सगळे प्रेमानेच बघत होते, आणि तेच मला लागलं.

"बाबा, तिला पान्हा दाटला असेल," मृणाल हळूच म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"माझंही असंच होतं. समोर पाहुणे, सगळ्यांचं लक्ष ओवीकडे. माझं अंग आखडतं आणि तिलाही ते कळतं. तुम्ही इतक्या हौसेने बोलावता, म्हणून बोलले नाही."

तीस वर्षं गर्दी सांभाळली आणि स्वतःच्या लेकीभोवती गर्दी करून ठेवली. फार वाईट वाटलं.

"आता हिच्यासाठी काय करायचं?" मी केतकीला विचारलं. आवाज आपोआप खाली आला होता.

"एक वाजता सगळे लंचला जातात. तुम्ही त्या बाकावर बसा. पाठ करून. बघू नका."

सातासमुद्रापलीकडे येऊन चितळांकडे पाठ करून बसायचं! पण बसलो. मृणालही बसली. आम्ही लाडू खाल्ले, एक केतकीलाही दिला. वाट रिकामी झाली. बऱ्याच वेळाने केतकी पुटपुटली, "गेली. पितोय तो." मान वळवायचा फार मोह झाला. मी समोरच्या कचऱ्याच्या डब्याकडे बघत राहिलो.

गाडीपाशी आल्यावर पिनरच्या शोभावहिनींना फोन लावला. त्या तिथल्या एका डॉक्टरांच्या पत्नी, इंग्लंडात येऊन चाळीस वर्षं झालेल्या.

"वहिनी, आज नका येऊ."

"का हो? बाळाला बरं नाही का?"

थाप मारणं सोपं होतं. "बाळ छान आहे. मृणालला थोडे दिवस निवांत हवेत. बोलावलं मी, चूक माझी."

"भाऊ, माझ्या वेळी असा फोन कुणी केला असता तर फार बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "आम्ही उन्हाळ्यात येऊ."

चारला घरी आलो. दारात फक्त आमच्याच चपला होत्या. मृणाल ओवीला घेऊन खोलीत गेली. मी दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर दाराकडे पाठ करून बसलो. आधी थोडी कुरकुर ऐकू आली. मग घोटांचा आवाज, एकामागून एक, कितीतरी वेळ. माझे डोळे भरून आले. हिची आई असती तर हे तिला आधीच कळलं असतं.

त्या आठवड्यात वरचं दूध लागलं नाही.

आता चंद्रपूरला परत आलोय. मित्र विचारतात, तिकडे चितळाचं पाडस पाहिलंस म्हणे, कसं होतं? मी सांगतो, एक कान दिसला. बाकी काही पाहिलं नाही. पोटभर प्यालं, एवढं मला ठाऊक आहे.